शेवटचा रकाना

मी क्वांटिटी सर्व्हेअर आहे. इमारतीच्या नकाशावरून किती काँक्रीट लागेल, किती लोखंड, किती फरशी, हे मोजायचं आणि त्याचा तक्ता करायचा, एवढंच माझं काम. ही हकिगत २०१५ची आहे. तेव्हा मस्कतमध्ये मला बावीस वर्षं झाली होती. तक्ता हातात आला की माझी नजर आधी शेवटच्या रकान्यावर जाते, कारण आमच्या तक्त्यातले मधले सगळे रकाने त्या एका रकान्यासाठीच भरलेले असतात. कामात ही सवय मला कधी नडली नाही.

आम्ही वेंगुर्ल्याजवळचे ख्रिस्ती. घरात मालवणी, प्रार्थनेला कोकणी, लिहायला मराठी. आमच्या वाडीत ख्रिस्त्यांची एकोणीस घरं आहेत. त्यातल्या अठरा घरांची आडनावं पोर्तुगीज. ती कशी आली हे वाडीत कुणाला शिकवावं लागत नाही. कुणा पूर्वजानं बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्याच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या धर्मपित्यानं त्याला आपलं आडनाव दिलं. धर्मपिता गोव्याचा कारकून असेल, शिपाई असेल, जमीनदार असेल. त्याचं आडनाव चिकटलं, रक्ताचा काही संबंध नाही. म्हणून त्या अठरा घरांतलं कुणीही स्वतःला पोर्तुगीज म्हणवत नाही. म्हणवलं तर उरलेली सतरा हसतील.

एकोणिसावं घर आमचं. आमचं आडनाव डच, आणि आम्ही मात्र स्वतःला डच म्हणवत होतो.

वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. तिच्या भिंती अजून उभ्या आहेत. त्या वखारीतल्या एका अधिकाऱ्यानं गावातल्या मुलीशी रीतसर लग्न केलं आणि त्याच्यापासून आपलं घराणं सुरू झालं, असं पप्पा सांगत. पप्पा बंदर खात्यात कारकून होते. सरकारी कागदावर बारीकसारीक चूक दिसली तरी ते कागद परत पाठवत. या गोष्टीसाठी मात्र त्यांनी कधी कागद मागितला नाही. पुरावे दोनच सांगायचे. एक, आजोबांचे घारे डोळे. दुसरा, आडनाव. घाऱ्या डोळ्यांवरून ठरवायचं तर अर्धं कोकण डच निघेल, हे मला शाळेत असतानाही कळत होतं. पण आडनावाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला उत्तर नकोही होतं.

मला माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी एक बहीण आहे. तिला मी बाय म्हणतो. आईला बरं नसायचं, त्यामुळे मला न्हाऊमाखू घालणं, शाळेत पोचवणं हे सगळं तिनंच केलं. पुढे ती एका खासगी शाळेत शिवणकाम शिकवायला लागली. त्याच शाळेत गणिताचे एक शिक्षक होते, ख्रिस्तीच, समुद्राकडच्या वाडीतले. त्यांचं घर रापण ओढणारं, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणारं. १९८८ साली त्यांच्या वडिलांनी बायला मागणी घालणारं पत्र पाठवलं. बाय सत्तावीस वर्षांची होती. तिला ते हवे आहेत हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

पप्पांनी मला समोर बसवलं. मी एकवीस वर्षांचा, नुकताच डिप्लोमा झालेला, अक्षर चांगलं. ते म्हणाले, "ते रापण ओढणारे, आमी डच. जमाचा नाय. इतक्याच लिही."

इतकंच लिहिलं असतं तर बरं झालं असतं. मला ते उद्धट वाटलं, म्हणून मी ते सभ्य केलं. मी लिहिलं, "आपले आडनाव धर्मपित्याकडून आलेले आहे, आमचे रक्तातून आलेले आहे. या दोहोंचा मेळ बसणे कठीण आहे." पप्पांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. माझ्या लिहिण्याचं त्यांनी कौतुक केल्याचं मला तेवढंच आठवतं.

बाय त्याच शाळेत शिकवत राहिली. दीड वर्षानं त्या शिक्षकांचं लग्न झालं. नंतर बायला आणखी दोन स्थळं आली, ती दोन्ही पप्पांनी रक्ताच्याच मुद्द्यावर परत पाठवली. तिसरं आलं नाही. १९९३ला मी मस्कतला आलो. आई गेली. बाय पप्पांकडे राहिली.

२०१५च्या जानेवारीत गावच्या चर्चमधून पत्र आलं. चर्चच्या जुबिलीची स्मरणिका निघणार होती. प्रत्येक जुन्या कुटुंबाला अर्धं पान. त्यात कुटुंब कुठून आलं ते थोडक्यात लिहायचं आणि एक फोटो द्यायचा. आमच्या पानावर डच अधिकारी छापायचा असेल तर काहीतरी कागद दाखवा, असं फादरांनी पप्पांना स्पष्ट सांगितलं होतं. पप्पा तेव्हा चौऱ्याऐंशीचे. त्यांनी मला फोनवर सांगितलं की तू आकड्यांचा माणूस आहेस, हे काम तू कर, आणि मी डोळे मिटायच्या आत कर. मजकूर सप्टेंबरअखेर द्यायचा होता. माझ्याकडे आठ महिने होते.

मी कामाला लागलो. मला हे मान्य केलं पाहिजे की त्या आठ महिन्यांत मी जितका खूश होतो तितका मस्कतमध्ये कधी नव्हतो. ओमानी माणसाला त्याचं घराणं तोंडपाठ असतं. आमच्या ऑफिसातला ओमानी क्लार्क एकदा पार्किंगमध्ये उभ्या उभ्या आपल्या बापापासून वर सात पिढ्यांची नावं श्वास न घेता म्हणून गेला आणि मग मला म्हणाला, तुझी सांग. मी तिसऱ्या नावावर अडकलो. शिवाय आमच्या कंपनीत पगाराची श्रेणी पासपोर्ट बघून ठरे. डच असण्याचं मोल मला गावापेक्षा इथे जास्त कळलं होतं.

जूनच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा चर्चची जुनी पुस्तकं पाहायची परवानगी काढली. पोर्तुगीजमधली, शाई तपकिरी झालेली, वाळवीनं भोकं पाडलेली. अकरा दिवस मी रोज सकाळी जाऊन बसलो आणि ३४० पानांचे फोटो काढले. अडेल तिथे फादर वाचून द्यायचे. माझ्यापासून वर सहा पिढ्या सापडल्या, जन्म आणि लग्नं दोन्ही. बापाच्या आणि मुलाच्या जन्मातलं अंतर प्रत्येक ठिकाणी मोजून सरासरी काढली. ती सत्तावीस वर्षं आली.

आता हिशेब सोपा होता. पप्पा सांगत तो डच अधिकारी आमच्या सातव्या पिढीचा. सात गुणिले सत्तावीस म्हणजे १८९ वर्षं. माझ्या जन्मापासून तेवढं मागे गेलं की अठराव्या शतकाचा शेवटचा भाग येतो. पण डच वेंगुर्ल्याहून सतरावं शतक संपता संपताच निघून गेले होते. मध्ये ऐंशीएक वर्षांचं भगदाड, म्हणजे तीन पिढ्या. वखारीतला अधिकारी आमचा पूर्वज असणं आकड्यांत बसत नव्हतं. मी ते पप्पांना सांगितलं. ते म्हणाले की मग तुझी सरासरी चुकली असेल.

त्या सुट्टीत मी लॅपटॉपवर वंशवृक्षही केला होता, चौकटी आणि रेघांचा. बाय चहा घेऊन आली आणि मागे उभी राहून बघत राहिली. तिनं आपली चौकट शोधली.

"माझ्याखाली ही आडवी रेघ कसली?"

मी सांगितलं की पुढे मूल नसलं की रेघ मारून चौकट बंद करतात, तशी पद्धत आहे.

"बरी पद्धत आसा," ती म्हणाली, आणि कप ठेवून आत गेली. मी पुढची चौकट भरत राहिलो.

सातवा माणूस सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात सापडला. जन्म नाही, त्याच्या लग्नाची नोंद होती. फादरांनी वाचून दाखवलं. धंदा न्हावी... नव्हे, तेवढं सोडून बाकीचं लिहितो. त्याच्या धंद्याचा शब्द वाळवीनं अर्धा खाल्लेला होता आणि आम्ही दोघांनी तो अंदाजानं वाचला, अंदाज इथे नको. नक्की वाचलं ते असं: जन्म कोचीनचा, आईबाप माहीत नाहीत, आडनाव आमचं. कोचीन. अठराव्या शतकाच्या शेवटी कोचीन डचांकडेच होतं. भगदाड बुजलं. वखारीची गोष्ट चुकली असेल, पण डच माणूस होता, फक्त दुसऱ्या बंदरात. त्या दिवशी मी चर्चमधून घरी चालत आलो, रिक्षा केली नाही, इतका मला आनंद झाला होता.

मस्कतला परतल्यावर शोध इंटरनेटवर सुरू झाला. कोचीनच्या डच चर्चची जुनी बाप्तिस्म्याची पुस्तकं कुठल्याशा दप्तरखान्यानं स्कॅन करून ठेवली आहेत. आम्ही मस्कतच्या अल खौद भागात राहत होतो. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे आमची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, तीही शुक्रवारी. मिस्साहून आलो, जेवलो, की मी पडदे ओढून लॅपटॉपसमोर बसायचो. बाहेर पंचेचाळीसच्या वर तापमान, कुणी कुठे जाणार नसायचं. बायको नर्स आहे, तिला नसलेल्या माणसांत रस नाही. ती दारातून विचारायची, "तुझ्या डचालाही चहा ठेवू का?"

मला डच येत नाही. मी फक्त आमच्या आडनावाचा आकार ओळखायला शिकलो आणि पान पान खाली सरकवत गेलो. ऑफिसातही सगळ्यांना कळलं होतं. आमचा ड्राफ्ट्समन कोचीनचाच. तो मला बघितलं की म्हणायचा, "अर्बाब, आपका दादा हमारा काली मिर्च ले गया. वापस कब देगा?" अर्बाब म्हणजे इथल्या बोलीत मालक. आणि आमचा प्रोजेक्ट मॅनेजर खरोखरीचा डच होता, साठीचा, निवृत्तीला आलेला. त्यानं ते ऐकलं आणि मला कझिन म्हणायला सुरुवात केली. गुड मॉर्निंग, कझिन. स्लॅबचा आकडा चुकलाय, कझिन. तो थट्टा करत होता हे मला कळत होतं. तरी प्रत्येक वेळी बरं वाटत होतं.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी मला ती ओळ सापडली. पानावर रकाने होते. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात मुलाचं नाव, आमच्या सातव्या माणसाचंच. तिसऱ्यात बारीक गिचमीड, चारपाच शब्द. आणि शेवटच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात एका पुरुषाचं नाव आणि आमचं आडनाव. मी खुर्चीतून उठलो. मुलीला हाक मारली, बायकोला दाखवलं. शेवटचा रकाना. सगळ्याची बेरीज तिथे लिहिलेली होती. हा बाप.

मी पप्पांना लगेच फोन केला. मग त्यांनी बायला हाक मारून फोनवरच सांगितलेलं मला ऐकू आलं, "मिळालो गो. आमचो सायब मिळालो." बाय काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

मी हिशेबी माणूस आहे. दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय मी माझा कुठलाही तक्ता पुढे पाठवत नाही. आमच्या मॅनेजरला हाच छंद होता, आपल्या गावच्या चर्चची पुस्तकं वाचून त्यानं स्वतःचं घराणं लावलं होतं, जुनं अक्षर त्याला वाचता यायचं. रविवारी सकाळी मी त्या पानाची मोठी प्रिंट घेऊन त्याच्या केबिनमध्ये गेलो. तो चष्मा लावून खुशीत म्हणाला, बघू या आपलं नातं किती लांबचं ते.

त्यानं आधी पानाच्या माथ्यावरचं वाचलं. मी ते कधी वाचलंच नव्हतं. रकान्यांची शीर्षकं पुस्तकाच्या त्या पानावर इतकी पुसट होती की मी ती डाग समजलो होतो. मग तो आमच्या ओळीवर आला. तिसऱ्या रकान्यावर त्यानं बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं.

"शेवटचा रकाना बापाचा नाही," तो म्हणाला. "साक्षीदारांचा आहे. बाप्तिस्म्याला जो उभा राहतो त्याचा."

मी विचारलं, मग बाप कुठे आहे?

"बाप लिहिलेला नाही. आईबापांच्या रकान्यात फक्त आई आहे." त्यानं तिचं नाव वाचलं, एकच नाव, आडनाव नाही. पुढचे शब्द त्यानं आधी मनात वाचले आणि मग माझ्याकडे न बघता सांगितले, "अमुक विधवेच्या घरची गुलाम."

मी सांगितलं की साक्षीदार हाच खरा बाप असू शकेल. तो म्हणाला, असू शकेल. तसा या पानावरचा कुणीही असू शकेल. मग त्यानं बोटानं पानभर दाखवलं. त्याच पानावर आणखी तीन मुलांपुढे शेवटच्या रकान्यात तोच माणूस साक्षीदार होता. तीन वेगळ्या आया, तिघींपुढे तेच शब्द. चर्चमध्ये हजर राहणारा कुणीतरी असावा, तो म्हणाला, बोलावलं की उभा राहायचा.

त्यानं प्रिंट नीट घडी घालून मला परत दिली. त्याचा आवाज सभ्य होता. त्या दिवसानंतर, आणि पुढे नोव्हेंबरात तो निवृत्त होऊन गेला तोपर्यंत, त्यानं मला एकदाही कझिन म्हटलं नाही. तो मला माझ्या आडनावानं, मिस्टर लावून हाक मारू लागला. चिडवण्यात जी जवळीक होती ती त्यानं काढून घेतली. वाईट हेतूनं नव्हे. तरी मी ते विसरलेलो नाही.

आता जे लिहितो ते माझ्याविरुद्ध आहे. कोचीनचा तो मुलगा म्हणजेच आमचा सातवा माणूस, हे सिद्ध झालेलं नाही. तीन गोष्टी जुळतात: नाव, गाव आणि काळ. चौथी हवी, म्हणजे तो कोचीनहून वेंगुर्ल्याला कसा आला याचा कागद, तो नाही. शनिवारी, शेवटच्या रकान्यातला माणूस बाप होता तेव्हा, मला तीन गोष्टी पुरल्या होत्या. मी पप्पांना फोनही केला होता. रविवारी, तो साक्षीदार ठरल्यावर, दुपारपर्यंत मी स्वतःला सांगत होतो की चौथी गोष्ट नसताना काहीच म्हणता येत नाही. कागद तोच, ओळ तीच. कंत्राटदारांनी असं केलं तर मी त्यांचं बिल परत पाठवतो.

आणि मुख्य गोष्ट दुसरीच होती. आडनाव धर्मपित्याकडून. अठरा घरांसारखंच. जे वाडीतल्या कुठल्याही माणसानं मला विचारल्याबरोबर सांगितलं असतं, ते शोधायला मी आठ महिने घालवले होते.

पप्पांना सांगण्याआधी बायला सांगायचं मी ठरवलं. इथे तेव्हा व्हॉट्सॲपवरून फोन लागत नसे, फक्त मेसेज आणि फोटो जायचे. पुढच्या शुक्रवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात गाडीत बसून मी साधा फोन लावला. तिला म्हटलं, पप्पांपासून लांब जा. ती मागल्या दारी विहिरीकडे गेली. मी सगळं सांगितलं, रकान्यासकट. मध्ये ती एकदाच बोलली. तिनं त्या बाईचं नाव विचारलं. मी सांगितलं. मॅनेजरनं वाचून दाखवल्यापासून पाच दिवस झाले होते आणि ते नाव मी कुणापाशी उच्चारलं नव्हतं. बायनं ते एकदा हळू म्हणून पाहिलं.

मग ती म्हणाली, "आपले आडनाव धर्मपित्याकडून आलेले आहे, आमचे रक्तातून आलेले आहे."

तिनं ते माझ्या शब्दांत म्हटलं, लेखी मराठीत, एकही शब्द न चुकवता. ते पत्र तिला कुणी दाखवलं होतं की वाचून दाखवलं होतं, हे मी त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही विचारलेलं नाही.

"पुढे काय होता? दोहोंचा मेळ..."

"बसणे कठीण आहे," मी म्हणालो.

"हां. पप्पा असां बोलाचे नाय. ता तुझा होता. तेव्हाच माका कळला."

मी म्हणालो की मला माहीत नव्हतं. ती म्हणाली की माहीत नव्हतं ते तिलाही ठाऊक आहे, माहीत नसताना लिहिलं, हेच तर ती म्हणते आहे. मग म्हणाली, "आता ह्या कागदाचा मी काय करू, बाबू? चोपन्न वर्षांची झालंय. ह्यो कागद घेवन खंय जावू?"

मला त्या वेळी सत्तावीस अधिक सत्तावीस एवढंच सुचलं. मागणी आली तेव्हा सत्तावीस, आणि तेव्हापासून आजपर्यंत सत्तावीस. मी काढलेल्या सरासरीप्रमाणे बरोबर एक पिढी. ते मी तिला बोललो नाही. एवढी अक्कल शिल्लक होती.

मी म्हणालो की पप्पांना सांगतो, त्यांना कळलं पाहिजे. तिनं नको म्हटलं. त्यात दया नव्हती. तिनं समजावून सांगितलं, जसं लहानपणी मला गणवेशाची बटणं कशी लावायची ते सांगायची तसं. पप्पा ऐकणार नाहीत. कागद खोटा म्हणतील, डच मॅनेजर खोटा म्हणतील, तुझी सरासरी चुकली म्हणतील. आणि ते रोज म्हणत राहतील.

"तुका शुक्रवारी दहा मिनटां ऐकाचा लागात," ती म्हणाली. "माका दिवसभर."

तेव्हा मी पप्पांना सांगितलं की तो नव्हे, दुसरा कुणी निघाला, आपला साहेब सापडला नाही, कोचीनची पानंही खराब झालीत. कागद परत पाठवणाऱ्या माणसाला मी खोटा अहवाल दिला. ते म्हणाले, "वाळवी मेली. शोधत रव." फादरांना मी लिहून कळवलं की पुरावा मिळालेला नाही, आमचं अर्धं पान दुसऱ्या कुणाला द्यावं. खरं तर मला तिथे त्या बाईचं नाव छापता आलं असतं. आमच्या घराण्याशी जुळणारं, कागदावर मिळालेलं सगळ्यात जुनं नाव तेच आहे. मी ते माझ्या वंशवृक्षात घातलं, तुटक रेघेनं, आणि फाइल बंद केली. स्मरणिकेत छापायची हिंमत मी केली नाही. बाहेरगावी गेलेल्या आमच्या सात चुलत घरांचे लोक वाडीत अजून येतात-जातात, मुलींची लग्नं व्हायची आहेत, असं कारण मी स्वतःला दिलं. म्हणजे १९८८ साली जे कारण पप्पांचं होतं तेच.

डिसेंबरात जुबिली झाली. मला सुट्टी मिळाली नाही, मागितलीही नव्हती. त्या आठवड्यातल्या शुक्रवारी मिस्साहून बाहेर आलो, बायको आणि मुलगी ओळखीच्यांशी बोलत होत्या, मी गाडी थंड करायला पुढे आलो. फोनवर बायनं पाठवलेला फोटो होता. खाली एक शब्दही लिहिलेला नव्हता.

स्मरणिकेचं एक पान. वरच्या अर्ध्यात त्या गणिताच्या शिक्षकांचं कुटुंब. ते आता हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले. मजकुराखाली त्यांचं नाव होतं. मजकूर चारच ओळींचा. आमचं आडनाव धर्मपित्याचं आहे, त्याआधीचं नाव आम्हाला माहीत नाही. आमचे लोक रापण ओढत. ज्यांनी शिकवलं त्यांचे आम्ही आभारी आहोत. बाजूला फोटो, पायऱ्यांवर तीन रांगांत बसलेलं घर. सवयीनं मी मोजली. अकरा माणसं, त्यात चार लहान मुलं.

खालच्या अर्ध्यात एका बेकरीच्या नाताळच्या शुभेच्छा होत्या. ते आमचं अर्धं पान. त्या कोपऱ्यावर पान सपाट धरणारा बायचा अंगठा फोटोत आला होता, शिवणाच्या सुईनं टोचून टोचून निबर झालेला.

मी मेसेज लिहायला घेतला. दोन वेळा लिहून पुसला. फोटो मी पाहिला हे तिला त्या निळ्या खुणांवरून कळलं असेल. बायको आणि मुलगी गाडीत येऊन बसल्या, मी फोन खाली ठेवला आणि गाडी काढली. तिच्या आयुष्याबद्दल मला जे लिहायचं होतं ते मी सत्तावीस वर्षांपूर्वी त्या पत्रात चांगल्या अक्षरात लिहून दिलेलं होतं.